शेवी ३५० इंजिन: नवा कॅम पहिल्याच स्टार्टला का झिजतो?

प्रश्न: १९६९च्या शेव्हरोले कमारो गाडीच्या शेवी ३५० इंजिनात फ्लॅट टॅपेट कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा; त्याचे लोब म्हणजे उंचवटे सपाट तळाच्या लिफ्टरवर घासतात) बसवायचाय. लोब झिजू नयेत म्हणून काय करावं?

उत्तर १: पहिली २० मिनिटं इंजिन आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न देता, मंद गतीत) सोडूच नका, २०००-२५०० आरपीएम, थोडं वरखाली. लोबला तेल मिळतं ते क्रँकवरून उडणाऱ्या शिंतोड्यांचं, आयडलला ते पुरत नाही. त्याआधी डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) काढून ड्रिलने ऑइल पंप फिरवा. मग तो परत बसवून ठिणगीचं टायमिंग लावा, कार्ब्युरेटर पेट्रोलने भरून ठेवा, म्हणजे इंजिन लगेच सुरू होईल. नुसता स्टार्टर मारत बसलात की कॅम गेलाच!

उत्तर २: लिफ्टरही नवेच हवेत. व्हॉल्व्हला दुहेरी स्प्रिंग असेल तर लोबवरचा दाब कमी करायला आतली तेवढ्यापुरती काढा.

उत्तर ३: आणि तेल! साठच्या दशकात डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर सिग्नल ते सिग्नल शर्यती लागायच्या, तेव्हा साध्या तेलातही झीज रोखणारं झिंक पुरेसं असे. आजच्या तेलात कमी असतं, नव्या कॅमच्या सुरुवातीसाठीचं, जास्त झिंकचं ब्रेक-इन ऑइलच घ्या.