पानांना भोकं पडलेली बाग : आपापले अनुभव सांगा

कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर काळं-पांढरं काहीतरी चिकटलेलं दिसलं. पाखराची शीट असेल म्हणून काडीने उडवायला गेले, तर ती शीट हलली! वाकून पाहिलं तेव्हा कळलं, अळी आहे. लिंबू फुलपाखराची. लहान असताना ही अळी हुबेहूब शिटेसारखी दिसते, त्यामुळे पक्षी फसतात. चार-सहा दिवसांनी बघते तर कात टाकून पानासारखी हिरवीगार झालेली. जरा डिवचलं तर डोक्यामागून दोन केशरी शिंगं बाहेर काढली, उग्र वास सोडला आणि लगेच शिंगं आत घेतली.

त्याआधी पाच वर्षं मी त्याच झाडावर महिन्याच्या महिन्याला औषध मारत होते. जिथून रोप आणलं तिथे तसंच सांगितलं होतं. झाड अगदी स्वच्छ होतं, एकाही पानाला भोक नाही. आणि पाच वर्षांत त्या झाडावर एकही फुलपाखरू जन्मलं नाही. हे लक्षात आलं तेव्हा मला फार वाईट वाटलं.

म्हणून हा धागा. अंगण असो, गच्ची असो, नाहीतर खिडकीतल्या दोन कुंड्या. कुठल्या ऋतूत कोण आलं, त्यांच्यासाठी काय लावलं, काय मुद्दाम काढलं नाही, ते लिहा. चुकलेलंही लिहा, इतरांना त्याचा जास्त उपयोग होतो.

*

ताई, माझ्याकडे रुई आपोआप उगवली, कुंडीतच. उपटणार होतो, तेवढ्यात बिबळ्या कडवा जातीचं एक फुलपाखरू घिरट्या घालायला लागलं. मादी होती. पानाच्या खाली शेपटाचं टोक वाकवून एक अंडं, मग दुसऱ्या पानावर दुसरं. अळ्या निघाल्या त्या काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या, अगदी उठून दिसणाऱ्या. यांना लपायची गरजच नसते. रुईच्या चिकातलं विष त्यांच्या अंगात साठतं, फुलपाखरू झाल्यावरही राहतं. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा वाटेला जात नाही.

पुढे त्याच रुईवर पिवळा मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, पडला. कोवळे शेंडे पार भरून गेले. साबणाचं पाणी तयार करून ठेवलं होतं, पण अळ्याही त्यातच मरतील म्हणून हात आवरला. आठवड्याभरात ढालकिड्यांची (लेडीबर्डची) पिल्लं दिसली. ती मोठ्या ढालकिड्यासारखी गोल नसतात बरं का, लांबट, काटेरी, करड्या अंगावर नारिंगी ठिपके. पुष्कळ जण ती कीड समजून चिरडतात. मीही पूर्वी चिरडली असतील. मावा खाऊन त्यांनी दहा-बारा दिवसांत शेंडे मोकळे केले.

*

फक्त पाण्याबद्दल लिहिते. उन्हाळ्यात खोल भांडं ठेवलं होतं, त्यात खारीचं पिल्लू बुडालं. तेव्हापासून उथळ परळ, दोन बोटं पाणी आणि मध्ये पाण्याबाहेर डोकं काढणारा खडबडीत दगड. मधमाश्या त्या दगडावर बसून पाणी पितात. पाणी एक दिवसाआड ओतून, घासून नवीन भरते. त्यामुळे डासही होत नाहीत.

*

आमच्याकडे अंगणात खड्डा खणून छोटं तळं केलं. साडेतीन फूट लांब, खोली गुडघ्याच्याही खाली. डास नकोत म्हणून पहिल्या वर्षी गप्पी मासे सोडले. पावसाळ्यात बेडकांनी अंडी घातली, आणि चार दिवसांत पाण्यात काही उरलं नाही. अंडी, बेडकाची पिल्लं, सगळं माशांनी फस्त केलं. शिवाय गप्पी काही इथला मासा नव्हे, बाहेरून आणलेला.

दुसऱ्या वर्षी मासे काढले. एका बाजूला दगडांचा उतार केला, कारण पाय फुटलेल्या पिल्लांना पाण्याबाहेर चढता आलं पाहिजे. डासांचं काय, ही धास्ती होतीच. पण चतुरांच्या माद्या आल्या, उडता उडता शेपटीचं टोक पाण्याला टेकवत अंडी घालून गेल्या. त्यांची पिल्लं पाण्यात राहून डासांच्या अळ्या खातात. एका सकाळी लव्हाळ्याच्या काडीला चतुराची रिकामी कात लटकलेली दिसली. पाठीवर चीर, आतून पांढरे धागे, सहाही पाय काडीला घट्ट धरलेले. मी ती अजून डबीत ठेवली आहे.

*

आमच्या घाणेरीवर सर्वांत जास्त फुलपाखरं येतात. कापू नये ना?

*

वरच्या प्रश्नाला उत्तर देतो. घाणेरीत मध आहे हे खरं, म्हणून फुलपाखरं येतात. पण ती मूळची अमेरिका खंडातली, आणि आपल्या बहुतेक फुलपाखरांच्या अळ्या तिची पानं खात नाहीत. म्हणजे पाहुण्यांना पाणी दिलं, पण राहायला जागा नाही. शिवाय पाखरं तिची फळं खाऊन बी रानात टाकतात आणि तिथे तिच्याखाली दुसरं फारसं काही वाढत नाही. एकदम उपटू नका, फुलपाखरं उपाशी राहतील. आधी बाजूला दुसरं लावा, ते फुलायला लागलं की हिला काढा.

मी हिवाळ्यासाठी कोरांटी आणि अडुळसा लावला. अडुळशाच्या पांढऱ्या फुलात मोठा काळा भुंगा शिरतो तेव्हा अख्खी फांदी वाकते. हिवाळा सरता सरता धायटी, तिच्या लाल फुलांवर शिंजीर, हा फुलांतला मध पिणारा चिमुकला पक्षी. उन्हाळ्यात बहावा. पावसाळ्यासाठी मुद्दाम काही लावत नाही, टाकळा आपोआप येतो तो ठेवतो. छोटी पिवळी फुलपाखरं त्यावर अंडी घालतात.

आणखी एक. वाळत चाललेला खुळखुळा उपटून तिथेच टाकला होता. दुसऱ्या दिवशी त्यावर कडव्यांचे थवे! फूल एकही नव्हतं. वाळक्या देठांतून नर एक रसायन शोषून घेतात, त्याच्यापासून मादीला भुलवणारा गंध तयार होतो. तेव्हापासून खुळखुळा उपटला तरी बागेबाहेर जाऊ देत नाही.

*

पालापाचोळा झाडणं बंद केलं, एवढंच माझं काम. आता सकाळी सातभाई येऊन पानं उलटीपालटी करतात, केवढा गलका! भारद्वाजही कुंपणाखालून चालत येतो. सापसुरळीही दिसली, घरातले आधी घाबरले होते.

गुलाबाच्या पानांना कडेने गोल, कंपासने काढल्यासारखे काप दिसले तर औषध मारू नका. ती पानकापी मधमाशी. तुकडा पोटाशी धरून नेते आणि पोकळ बांबूत पिल्लांसाठी खोली करते.

*

मला लिहायला जड जातंय, पण ताईंनी चुका लिहा म्हटलंय. फेब्रुवारीत वाढलेली मधुमालती छाटली. खाली पडलेल्या फांद्या गोळा करताना एक लोंबती पिशवी हाताला लागली. वाळकी पानं, सालीचे तुकडे, सगळं कोळ्याच्या जाळ्याने बांधलेलं, बाजूला छोटंसं दार आणि त्यावर छपरासारखी वळचण. शिंजिराचं घरटं. आत दोन अंडी होती, एक फुटलेलं. फांदी परत बांधली. मादी दोन दिवस येऊन बाजूला बसायची, आत गेली नाही.

आता छाटायच्या आधी दहा मिनिटं खुर्ची टाकून बसते. कोणी चोचीत काही घेऊन त्याच जागी परत परत येतंय का, बघते. येत असेल तर कात्री ठेवून देते. कोळ्यांची जाळीही काढत नाही, कारण घरट्याला तीच लागतात. यंदा त्याच वेलीवर नवी पिशवी लोंबतेय. सध्या फक्त धागे आणि चार वाळकी पानं आहेत.

*

निंबोळी अर्क चालेल का, असं दोघांनी विचारलंय. अळ्यांना तोही मारतो. माव्यासाठी सकाळी पाण्याची जोरदार धार मारा, बराचसा गळून पडतो. झाड अगदीच लहान असेल तर अळ्या उचलून त्याच जातीच्या मोठ्या झाडावर ठेवा, कढीपत्त्यावरची अळी लिंबूच्या झाडावरही जगते. आणि शिंजिराच्या घरट्याचं पुढे काय झालं ते नक्की कळवा.