व्यासांचे गट पाडण्याबद्दल

जंगलात किती जाडीची किती झाडं आहेत, म्हणजे व्यासांचं वितरण कसं काढायचं, या प्रश्नावर एका प्रतिसादात खोडांच्या व्यासांचे गट पाडून, प्रत्येक गटातली झाडं मोजून, दोन्ही अक्षांवर लॉग घेऊन सरळ रेषा बसवायचा सल्ला दिलाय. कृपया तसं करू नका. खरा घोळ मोठ्या झाडांच्या टोकाला होतो. समजा ९०-१०० सेंमीच्या गटात जेमतेम दोन झाडं आहेत आणि पुढच्या गटात एकही नाही. शून्याचा लॉग निघत नाही, म्हणून तो गट गुपचूप गळतो आणि रेषेच्या उतारावरून निघणारा घातांक (व्यास वाढेल तशी झाडं किती वेगाने घटतात ते सांगणारा आकडा) चुकतो. शिवाय त्या दोन झाडांच्या बिंदूला हजारो बारक्या झाडांच्या बिंदूइतकंच वजन मिळतं!

त्यापेक्षा प्रत्येक खोडाचा व्यास जसाच्या तसा घेऊन मॅक्सिमम लाइकलिहूडने (हाती आलेली मापं सर्वाधिक संभाव्य ठरवणारा वक्र निवडण्याची पद्धत) वितरण बसवा. पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावर ५० हेक्टरांत १ सेंमीपासूनचं प्रत्येक खोड मोजतात. म्हणजे विदा (डेटा) खालून छाटलेली असते, १ सेंमीहून बारीक खोडं तीत नसतातच, आणि हे सूत्रात धरायलाच हवं.

२००६मध्ये १४ उष्णकटिबंधीय जंगलांची विदा तपासली, तेव्हा चयापचय सिद्धान्ताचा (सजीवांच्या आकारावरून त्यांची ऊर्जेची गरज आणि संख्या सांगणारा सिद्धान्त) 'व्यासाचा उणे दुसरा घात', म्हणजे झाडांची संख्या व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते हा अंदाज, टिकला नाही. मी तरी वायबुल वितरणापासून (घातांकाच्या सरळ नियमापेक्षा लवचीक आकाराचा वक्र) सुरुवात करेन. तमिळनाडूतल्या मुदुमलाईसारख्या वणवे लागणाऱ्या जंगलात मात्र कोवळी झाडं जळतात, तिथे एकच वक्र ओढूनताणून बसवू नका.