ठाण्याहून नाशिकच्या वायनरी, एका दिवसात, ड्रायव्हरसकट गाडी: बेत तपासून हवा आहे

ठाणेकर_पाचजण
जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी पाच जण जाणार आहोत. त्यात एक काका सत्तरीचे, दोघं वाइन घेत नाहीत. स्वतः गाडी चालवायची नाही हे ठरलंय, त्यामुळे ड्रायव्हरसकट खासगी गाडी. डोक्यात आहे ते असं: सकाळी ८ ला निघायचं, सुला, यॉर्क, सोमा आणि जमलं तर दिंडोरीची शांदों, येताना त्र्यंबकेश्वर, रात्री घरी. विचारायचंय ते असं:
१) एवढं बसतं का?
२) ट्रॅव्हल्सवाले किलोमीटरचा दर सांगतात, पण शेवटी बिल भलतंच येतं असं ऐकलंय. नेमकं काय विचारून घ्यायचं?
३) अर्टिगा पुरेल की इनोव्हा क्रिस्टा घ्यावी?

स्टेपनी
आधी गाडीचं बोलतो, वाइनचं बाकीचे सांगतील.

बाहेरगावच्या भाड्यात प्रति किमी दर हा हिशोबाचा फक्त एक तुकडा. दुसरा तुकडा म्हणजे रोजचं किमान अंतर, बहुतेक २५० किंवा ३०० किमी. तुम्ही २०० फिरलात तरी पैसे तेवढ्याचे. ठाणे ते गंगापूर रोड, तिथली फिराफिर आणि परत असं साधारण ३६० किमी धरा. त्यात मीटर तुमच्या दारातून नाही, त्याच्या गॅरेजमधून सुरू होतो आणि गॅरेजलाच थांबतो. म्हणून गाडी ठाण्यातल्याच माणसाची घ्या. पनवेलची गाडी दोन रुपयांनी स्वस्त मिळाली तरी ते पैसे येण्याजाण्यात निघून जातात.

बिल फुगतं ते बाराच्या ठोक्याला. ‘दिवस’ म्हणजे चोवीस तास नव्हे, रात्री १२ ते रात्री १२. उदाहरणापुरता १५ रुपये दर, किमान ३०० किमी आणि चालक भत्ता ५०० धरा. गॅरेज धरून ३८० किमी झाले तर ५,७०० अधिक ५०० म्हणजे ६,२००. हीच गाडी रात्री साडेबाराला गॅरेजला लागली की दोन दिवस मोजले जातात. किमान अंतर ६०० किमी, म्हणजे ९,०००, आणि दोन भत्त्यांचे १,०००. अर्ध्या तासाला ३,८०० रुपये! टोल, पार्किंग आणि जीएसटी याच्यावर वेगळे. आता तुमचं ‘रात्री घरी’ म्हणजे किती वाजता ते आधी ठरवा.

व्हॉट्सॅपवर लेखी घ्यायच्या गोष्टी: प्रति किमी दर, किमान किमी, गॅरेजपासून की दारापासून, भत्ता किती आणि रात्री किती वाजल्यानंतर जादा, टोल कुणाच्या फास्टॅगमधून, जीएसटी धरून की वगळून. निघताना आणि उतरताना किमी-काट्याचा फोटो काढा. ड्रायव्हरला त्यात वावगं वाटत नाही, उलट मालकाशी होणारी त्याचीच कटकट वाचते.

पिवळी नंबरप्लेट नसेल तर गाडी घेऊच नका. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने फिरवणं बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील तर ती स्वतः चालवायला मिळणारी भाड्याची गाडी, तुमच्या कामाची नाही.

अर्टिगा की क्रिस्टा? पाच जण म्हणजे दोन्हींत पुढे एक, मध्ये तीन, मागे एक. क्रिस्टाला मध्ये दोन सुट्या खुर्च्या असतील तर मागे दोघं. काका पुढे. मागच्या रांगेत वाइन न घेणाऱ्यांना बसवा. मागच्या चाकावर बसून, पोटात सहा प्रकारची वाइन घेऊन कसारा घाट उतरणं म्हणजे उलटीला आमंत्रण. खरी अडचण डिकीची. सीएनजी अर्टिगात टाकी डिकीचा मोठा भाग खाते, त्यात तिसरी रांग उभी असली की बारा बाटल्यांचा खोकाही बसत नाही. पेट्रोल किंवा डिझेल गाडी मागा आणि मागचं अर्धं सीट पाडून घ्या. शिवाय सीएनजी असली की वाटेत रांगेत अर्धा तास जातो तो वेगळाच.

कडवा_कालवा
चार वायनरी आणि त्र्यंबक? नाही बसत. दोन वायनरी, फार तर एक जेवण जास्तीचं.

साधा गुणाकार करा. चाखायला एका वाइनचे साधारण ३० मिली ओततात आणि एका बैठकीत पाच-सहा वाइन असतात. सहा धरल्या तर १८० मिली. तीन ठिकाणी ५४० मिली, म्हणजे ७५० मिलीच्या बाटलीतली पाऊण बाटली, तीही १२ ते १४ टक्क्यांची, उन्हात आणि बहुधा अर्धवट जेवून. तिसऱ्या ठिकाणी शिराझ आणि कॅबर्ने या दोन लाल वाइनमधला फरक कुणालाच सांगता येत नाही, नुसती बिलं होतात. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं ते वापरा. आपल्याकडे लोकांना संकोच वाटतो, पण ते त्यासाठीच असतं.

जागांचा भूगोल डोक्यात ठेवा. सुला, यॉर्क आणि सोमा हे गंगापूर धरणाच्या बाजूला, एकमेकांच्या जवळ. शांदों दिंडोरीकडे, म्हणजे शहराच्या दुसऱ्या अंगाला. ग्रोव्हर झाम्पा आणि व्हॅलोने इगतपुरी तालुक्यात सांजेगावच्या बाजूला, नाशिकच्या बरंच अलीकडे. मुंबई-ठाण्याकडून येणाऱ्याने तिसऱ्या गटाचा विचार आधी करावा असं माझं मत, पण सगळे सुलाला जातात म्हणून आपणही जातो. समृद्धी महामार्गाचा आमणे (भिवंडीजवळ) ते इगतपुरी हा शेवटचा ७६ किमीचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून कसारा घाट टाळून थेट इगतपुरीला बाहेर पडता येतं. तेवढ्यावर हुरळू नका, कारण आमण्यापर्यंत पोचायला माजिवड्याहून भिवंडी बायपास पार करावाच लागतो. म्हणून ८ ला नाही, ६ ला निघा. समृद्धीवर सलग वेगात टायर तापतात. निघण्यापूर्वी हवा आणि टायरची नक्षी ड्रायव्हरकडून डोळ्यांदेखत तपासून घ्या, गुळगुळीत टायर असेल तर गाडी बदलून मागा.

मला पटणारा क्रम: ६ ला ठाणे, घोटी-इगतपुरीला नाश्ता, साडेदहाच्या सुमारास सांजेगावची एक वायनरी, तिथेच सावकाश जेवण. दीडला निघून गंगापूर रोडची एक वायनरी, तिथे तीनची फेरी (वायनरी आतून दाखवतात ती). साडेपाचला चाकं हललीच पाहिजेत. सुलात सूर्यास्त बघायला सगळी गर्दी थांबते आणि मग सगळ्या गाड्या एकाच अरुंद रस्त्याने एकदम निघतात. तिथे तास गेला की स्टेपनी यांनी सांगितलेले ३,८०० रुपये दिसायला लागतात.

नाश्त्याला मिसळ नको. माहीत आहे, नाशिकला जाऊन मिसळ नको म्हणणं पाप आहे. पण झणझणीत रस्सा खाल्ल्यावर तासभर जिभेला तिखटाशिवाय काही कळत नाही आणि सोव्हिन्यों ब्लांकसारखी पांढरी वाइन नुसती आंबट पाण्यासारखी लागते. मिसळ परतीच्या वाटेवर खा.

आंबट_द्राक्ष
कडवा यांच्या क्रमाला माझा एक विरोध. शनिवारी मोठी वायनरी आधी, उघडताच. अकराच्या आतली फेरी मिळाली तर माहिती सांगणाऱ्याभोवती दहा जण असतात, दुपारी तीनला तीस. मागे उभ्या राहिलेल्या काकांना एक शब्द ऐकू येणार नाही. छोटी वायनरी दुपारी सुद्धा शांत असते, आणि परतीच्या वाटेवर इगतपुरीकडचीच असली की घराच्या दिशेने सरकल्यासारखंही होतं.

जानेवारीचा शेवट निवडलात हे उत्तम. आपल्याकडे वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी, आणि तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. आधी शेनिन ब्लांक, सोव्हिन्यों ब्लांक अशी पांढरी, मग लाल. जानेवारीअखेर गेलात तर द्राक्षाचे क्रेट उतरताना, देठ वेगळे करणारं यंत्र आणि रस काढणारा प्रेस चालू असताना बघायला मिळण्याची शक्यता चांगली. मात्र तोडणी रात्री किंवा पहाटे होते, फळ थंड राहावं म्हणून. दुपारच्या फेरीला यंत्र धुऊन ठेवलेलं असतं. सकाळच्या फेरीचं हेही एक कारण. एप्रिलच्या छाटणीनंतर हीच बाग म्हणजे तारेवर बांधलेल्या काटक्या, तेव्हा फोटो बघून जाणारे हिरमुसतात.

घडाला हात लावू नका. वाइनचं द्राक्ष बारीक, बियांचं, जाड सालीचं, बाजारातल्या खायच्या थॉमसन द्राक्षासारखं नाही, आणि फवारणी कधी झाली ते तुम्हाला ठाऊक नसतं.

चाखण्याचा क्रम बुडबुडेवाली, पांढरी, रोझे, लाल आणि शेवटी गोड असाच ठेवा. गोड ‘लेट हार्वेस्ट’ (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची वाइन) आधी मागितलीत तर पुढची प्रत्येक वाइन कडू लागते. दर दोन वाइनमागे ग्लासभर पाणी. टाक्यांच्या खोलीत गारवा असतो, काकांना शाल घ्या.

तारीख मात्र पुन्हा बघा. २६ जानेवारी आणि ३० जानेवारी ड्राय डे असतात. शनिवार यातल्या एखाद्या दिवशी आला तर बाग दिसेल, वाइन नाही. जोडून सुट्टी आली तर गर्दी दुप्पट. नाशिक जिल्ह्यात एखादी निवडणूक लागली असेल तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास विक्री बंद असते. आगाऊ नोंदणी करताना हे विचाराच. वाइनसाठी राज्यात वयाची अट २१ आहे, तरुण चेहऱ्याच्या मंडळींनी ओळखपत्र ठेवावं.

मनमाड_लोकल_नाही
गाडी ठाण्याहूनच का हवी? सकाळची तपोवन एक्सप्रेस पकडून नाशिक रोडला उतरा आणि तिथे ८ तास ८० किमीच्या स्थानिक भाड्यात ड्रायव्हरसकट गाडी घ्या. स्टेशन ते गंगापूर रोडच्या वायनरी साधारण २० किमी, दोन वायनरी आणि परत ८० च्या आत बसतं. किमान ३०० किमीचा प्रश्नच मिटतो. संध्याकाळी तपोवननेच परत, आरक्षण दोन्हीकडचं आधीच काढा. पंचवटीच्या नादी लागू नका, ती सकाळी मुंबईकडे येते आणि संध्याकाळी जाते, तुमच्या बरोब्बर उलट. तोटा एवढाच की गाडीची वेळ चुकवता येत नाही आणि बाटल्या हातात वागवाव्या लागतात.

ठाणेकर_पाचजण
धन्यवाद मंडळी. त्र्यंबक रद्द, दोन वायनरी, ६ ला निघतो. काकांना नाशिक रोडचे जिने नकोत म्हणून गाडीच. सुला सकाळी, सांजेगाव दुपारी. अजून दोन शंका: बाटल्या गाडीत दिवसभर राहतील त्याचं काय? आणि ड्रायव्हरच्या जेवणाचं कसं करतात?

स्टेपनी
जेवणाचे पैसे भत्त्यात धरलेले असतात, पण वायनरीतल्या हॉटेलचे दर त्या भत्त्यात बसत नाहीत आणि आसपास टपरीही नसते. म्हणून गंगापूर रोडला वळण्याआधी शहरात त्याला पोटभर खाऊ द्या किंवा त्याचा डबा बांधून घ्या. त्याचा दिवस पहाटे चारला सुरू झालेला असतो. दुपारी तुम्ही आत असताना दोन तास त्याला झोपू द्या. ‘अमुकला घेऊन ये, तमुक विसरलं’ असे फोन करू नका. परतीच्या अंधारात तो जागा असणं हे तुमच्या भाड्यातलं सगळ्यात महाग कलम आहे. कुणीही हौसेने त्याला ‘एक घोट घे’ म्हणायचं नाही. १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम ही कायद्याची मर्यादा, पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

आणि आत शिरताना परत कुठे भेटायचं ते ठरवून ठेवा. शनिवारी वाहनतळ भरला की गाडी लांब लावतात आणि बागेत रेंज दगा देते.

आंबट_द्राक्ष
बाटल्यांचं उत्तर सोपं आहे: सकाळी चाखा, नावं लिहून घ्या, खरेदी शेवटच्या ठिकाणी. पण तुमचा क्रम सुला आधी असा आहे, तेव्हा तिथे जे घ्याल त्याला थर्मोकोलचा खोका आणि दोन बर्फाच्या पिशव्या घरून न्या. बंद गाडी उन्हात उभी राहिली की जानेवारीतही आत भट्टी होते. वाइन तापून फुगते, बूच वर सरकतं, आत हवा शिरते आणि घरी उघडल्यावर शिजलेल्या फळाचा वास येतो. बुडबुडेवाल्या बाटलीत दाब आधीच असतो, तिला खोक्याच्या तळाशी, बर्फाला लागून ठेवा. खोका डिकीत न ठेवता मधल्या सीटच्या पायाशी ठेवलात तर वाटेत एसीची हवा लागते. दुकानात सहज मिळणारी बाटली तिथून वाहून आणण्यात अर्थ नाही. फक्त वायनरीतच मिळणाऱ्या छोट्या साठ्यांतलं काय आहे ते विचारा. बिल खोक्यातच ठेवा, तपासणी झाली तर तेच दाखवायचं.

आणि कुणी ऐनवेळी ‘सापुतारा इथून जवळच आहे’ असं काढलं तर आधी डिकी आठवा. पलीकडे गुजरात आहे, तिथे दारूबंदी.