शब्दचर्चा : न थांबणाऱ्या लूपला काय म्हणावं?

मूळ प्रश्न

आमच्या प्रोग्रॅमिंगच्या टीममध्ये सगळे मराठी, त्यामुळे दिवसभर कानावर वाक्यं येतात ती अशी : ‘ते लूपमध्ये अडकलंय, किल कर.’ लूप, म्हणजे प्रोग्रॅमचा पुन्हापुन्हा चालणारा भाग, हा शब्द आता आपलाच झालाय, तो काढून टाकावा असं मला अजिबात वाटत नाही. अडचण ‘अडकलंय’ची आहे. निरनिराळी दुखणी आम्ही या एकाच शब्दात कोंबतो.

गेल्या आठवड्यात आमचा एक प्रोग्रॅम दुसऱ्याकडे माहिती मागत होता. उत्तर आलं नाही की पुन्हा मागायची, एवढंच त्याला सांगितलेलं. किती वेळा मागायची ते लिहायचं राहून गेलं. रात्री अकरा ते सकाळी सात, दर सेकंदाला एक ओळ. लॉग, म्हणजे प्रोग्रॅमची नोंदवही, उघडला तर तीच ओळ २८,८०० वेळा. शेजारी बसलेली नवी मुलगी ते बघून म्हणाली, ‘ही तर कापूसकोंड्याची गोष्ट झाली.’

मला ते फार पटलं. ‘तुला कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?’ ‘सांग.’ ‘सांग काय म्हणतोस, तुला कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?’ ‘नको.’ ‘नको काय म्हणतोस, तुला कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?’ गप्प बसलं तरी सुटका नाही, ‘गप्प काय बसतोस’ आहेच. पोराचं प्रत्येक उत्तर ऐकलं जातं, पुढच्या प्रश्नात चिकटवलंही जातं, पण गोष्ट थांबवायची की नाही हे ठरवताना त्याला काडीची किंमत नाही. हसू येतं ते याचंच. आणि आमचा प्रोग्रॅम रात्रभर नेमकं हेच करत होता : समोरून आलेली चूक जशीच्या तशी लॉगमध्ये लिहायची आणि पुन्हा विचारायचं. गोष्ट थांबते ती आईने जेवायला हाक मारली की. आमच्याकडे ते काम कंट्रोल-सी, म्हणजे प्रोग्रॅम बंद पाडणारी कळ, करते.

तर प्रश्न असा. लूप, त्याची एक फेरी, न थांबणारं लूप आणि रिकर्शन (स्वतःलाच पुन्हा हाक मारणारा कोड), यांना मराठीत आधीपासून वापरात असलेले वेगवेगळे शब्द आहेत का? ‘आवर्तन’ सुचतं, पण ते नेमकं कशाला लावायचं?

प्रतिसाद १

मी तबला शिकवतो. ‘आवर्तन’ लूपला लावू नका, एका फेरीला लावा. तीनतालाचं एक आवर्तन १६ मात्रांचं, झपतालाचं १० मात्रांचं. जे पुन्हापुन्हा वाजत राहतं तो ठेका. आवर्तनं मोजता येतात, अथर्वशीर्षाची आपण एकवीस आवर्तनं करतो तशी. म्हणजे तुमचं लूप तो ठेका, फेरी ते आवर्तन, आणि जिथे परत यायचं ती सम.

बाहेर पडायची सोयही आमच्याकडे आहे : तिहाई. एकच तुकडा तीनदा वाजवायचा, तिसऱ्याचा शेवटचा बोल समेवर. समेपासून उचललीत तर पाच मात्रांचा तुकडा, एक मात्रा दम, पुन्हा पाच, पुन्हा एक, पुन्हा पाच. बेरीज १७ येते, १६ नाही, कारण शेवटचा बोल पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर पडतो. नवा विद्यार्थी हमखास १६ धरतो आणि समेच्या एक मात्रा आधी येऊन पोचतो.

मूळ प्रश्नकर्ता

सर, ही एकाची चूक आमच्याकडे रोजची आहे. ० पासून मोजायचं की १ पासून, शेवटचा धरायचा की सोडायचा, यात निम्मी दुपार जाते. मीही तबला शिकतोय, तरी हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ‘आवर्तन म्हणजे एक फेरी’ हे पक्कं.

प्रतिसाद २

नगर जिल्ह्यातून लिहितोय. कालव्याचंही आवर्तनच असतं. ‘रब्बीचं पहिलं आवर्तन सुटलं’ म्हणजे पाणी आलं, ठरलेले दिवस चाललं, बंद झालं. तिथेही अर्थ एका फेरीचाच आहे. सरांशी सहमत.

प्रतिसाद ३

मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवत असे. तुम्ही ज्यांना निरनिराळी दुखणी म्हणता त्यांची नावं न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, तयार आहेत, आणि त्यातली दोन मराठीत रुळलेलीही आहेत.

एखादी गोष्ट सिद्ध करायला तिचाच आधार घेतला तर आत्माश्रय. ‘अ’ला ‘ब’चा आधार आणि ‘ब’ला ‘अ’चा, तर अन्योन्याश्रय. अ, ब, क असं फिरून पुन्हा अ वर आलं तर चक्रक. आणि आधाराला आधार, त्याला आणखी आधार, असं कुठेच न टेकता मागे मागे जात राहिलं तर अनवस्था. आपण ‘अनवस्था प्रसंग’ म्हणतो तो शब्द हाच. हल्ली तो नुसत्या बिकट परिस्थितीला वापरतात. मूळ अर्थ स्थिर न होणं, कुठेही थारा न मिळणं.

म्हणून कापूसकोंड्याला अनवस्था म्हणू नये. तो एकाच जागी फिरतो. अनवस्थेत प्रत्येक पायरी नवी असते, आणि खालची पायरी सुटल्याशिवाय वरची सुटत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

हा भेद आमच्याकडे तंतोतंत लागू पडतो. लूप एकाच जागी फिरतं, मेमरी वाढेलच असं नाही, म्हणून ते रात्रभर चालू शकतं. रिकर्शनमध्ये प्रत्येक हाक आधीच्या हाकेला ताटकळत ठेवून आत जाते. त्यामुळे तिथे कुठेतरी मर्यादा येतेच. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा मुळात साधारण हजार पायऱ्यांवर हाक अडवते आणि चूक दाखवते. ती चूक म्हणजे शुद्ध अनवस्था.

अन्योन्याश्रय तर मला परवाच भेटला. दोन फायली, दोघी एकमेकींना इंपोर्ट करणाऱ्या, म्हणजे एकमेकींतला कोड मागवणाऱ्या. पहिली उघडता उघडता दुसरीकडे गेली, दुसरीने पहिलीतलं काहीतरी मागितलं, आणि पहिली अजून अर्धीच उघडलेली. पायथनच्या चुकीच्या संदेशात ‘मॉड्यूल अर्धवट सुरू झालंय’ अशा अर्थाचे शब्द येतात.

आता आणखी एक हवंय. रिकर्शन जिथे थांबतं त्या बेस केसला काय म्हणू? मला ‘ठाव’ सुचतोय. विहिरीचा ठाव लागतो तसा. रिकर्शनला ठाव नसेल तर अनवस्था.

प्रतिसाद ३ (पुन्हा)

ठाव उत्तम. यापेक्षा चांगला शब्द मला सुचणार नाही.

प्रतिसाद ४

मी सर्व्हर सांभाळते. माझी हरकत वेगळी आहे. न थांबणारं प्रत्येक लूप म्हणजे दोष, असं इथे गृहीत धरलं जातंय. वेब सर्व्हर थांबला तर माझी झोप उडते. मागणी आली का बघ, आली तर उत्तर दे, पुन्हा बघ : हे चालूच राहायला हवं. विलंबित ख्यालात गाणारा आवर्तनामागून आवर्तनं भरतो आणि तबलजी शांतपणे ठेका धरून असतो. त्याला कोणी ‘अडकलाय’ म्हणत नाही. सर्व्हरच्या लूपला मी ‘ठेका’च म्हणेन.

प्रतिसाद ३ (पुन्हा)

रास्त हरकत. नैयायिकांनाही, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांनाही, ही अडचण आली होती. बी आधी की झाड, याला सुरुवात सापडत नाही, पण म्हणून बी-झाडाचं नातं खोटं ठरत नाही. याला बीजांकुर न्याय म्हणतात. मुळावरच घाव घालते ती अनवस्था ‘मूलक्षयकरी’, तीच दोष. बाकीची चालते.

मूळ प्रश्नकर्ता

ताई, ‘ठेका’ घेतला. नव्या मुलांसाठी मराठीत टिपणं लिहितोय, त्यात आता असं जाईल : ठेका चालू राहतो, त्याचं एकेक आवर्तन मोजता येतं. रिकर्शनला ठाव लागतो, नाही लागला तर अनवस्था. दोन फायली एकमेकींवर टेकल्या तर अन्योन्याश्रय. आणि समोरच्याचं उत्तर नुसतं परत म्हणून दाखवत तोच प्रश्न विचारत राहणारा कोड म्हणजे कापूसकोंड्या.

त्या रात्रीच्या प्रोग्रॅममध्ये मी आता पाच आवर्तनांची मर्यादा घातली आहे. एक राहिलं : दर फेरीत थांबायचा वेळ दुप्पट करत नेणाऱ्या लूपला, म्हणजे १ सेकंद, २, ४, ८ अशा लूपला, तबल्यात काही नाव आहे का? तिथे दुगुन-चौगुनीत लय वाढत जाते. मला उलट दिशेचा शब्द हवा आहे.