प्रार्थनेवर विसंबून सेवा करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

पायथ्याचा_सेवक (नंदुरबार जिल्हा)
जय ख्रिस्त. तीन पाड्यांवर गृहसभा आहेत. महिन्याच्या कमिटीत दीड तास हिशोब आणि नियोजन, प्रार्थना सुरुवातीला दोन मिनिटं. मंडळीतले काही वडील (वडीलधारे पुढारी) म्हणतात, "प्रभू करील, आखणी कशाला?" बाकीचे म्हणतात, आखणीशिवाय काही हलत नाही. त्यात दिवाळीनंतर निम्मी मंडळी ऊसतोडीला गुजरातेत जाते आणि प्रार्थनासभा बंदच पडते. देवाच्या सामर्थ्यावर विसंबायचं हे सगळ्यांना मान्य आहे. कामात ते कसं बसवायचं, तेवढं सांगा.

वडील_शहादा
भाऊ, आधी तो वाद मिटवा. नहेम्या 4:9 वाचून दाखवा. यरुशलेमचा कोट बांधणाऱ्यांनी प्रार्थना केली आणि पहाराही बसवला, दोन्ही एकाच वचनात आहे.

आता कमिटी. हिशोबाची वही उघडण्याआधी अर्धा तास प्रार्थनेला द्या. शेवटी ठेवली तर एस.टी.ची वेळ होते आणि प्रार्थना कापली जाते, हे ठरलेलंच. एकाने एकच विनंती घ्यायची, दोन-तीन वाक्यांत, बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. नाहीतर एक जण पंधरा मिनिटं देवाला उद्देशून मंडळीलाच उपदेश करतो आणि मागच्या बायका गप्प बसतात. मावची, पावरी, अहिराणी, ज्याला जी येते तीत करू द्या. पुस्तकी मराठीचा आग्रह धरला की निम्मी तोंडं बंद होतात.

विनंत्यांसाठी वेगळी वही करा. रकाने चार: तारीख, विनंती, कोणी आणली, काय झालं. "आजाऱ्यांसाठी" असं मोघम लिहू नका. "वरच्या पाड्यावरच्या आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, बुधवारी, धुळ्याला" असं लिहा. मग आजीसोबत जाणार कोण, हा प्रश्न तिथेच निघतो, आणि आखणी प्रार्थनेतूनच सुरू होते. चौथ्या रकान्यात "नाही" सुद्धा लिहायचं. प्रेषित पौलाने शरीरातला काटा (त्याचा त्रास) जावा म्हणून तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही, कृपा पुरेशी आहे हे उत्तर मिळालं (2 करिंथ 12). फक्त "झालं" तेवढंच लिहिणारी वही पुढे जाहिरात होते.

सिस्टर_नवापूर
आजाऱ्यांच्या प्रार्थनेबद्दल माझ्याकडून. याकोब 5:14 प्रमाणे तेल लावा, वडिलांना बोलवा, पण गोळी बंद करायला कोणीही सांगायचं नाही. टीबीचा कोर्स साधारण सहा महिन्यांचा असतो. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडला तर आजार उलटतो आणि औषधाला दाद देईनासा होतो. साप चावला की गाडी आधी. प्रार्थना गाडीत करा. सर्पदंशात उपचार अडवून मंत्रतंत्र करणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी विष थांबत नाही.

उपासाचंही तसंच. आपल्या भागात सिकलसेलचे (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे) रुग्ण पुष्कळ आहेत. निर्जळी उपास त्यांना अजिबात सांगू नका, अंगातलं पाणी कमी झालं की दुखणं उठतं. इन्सुलिनवाले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनीही उपास धरू नये. त्यांनी त्या वेळेत नुसतं प्रार्थनेला बसावं.

ऊसपट्टा
तोडीच्या लोकांसाठी इथली रात्री आठची वेळ कामाची नाही. पहाटे तोड, रात्री-अपरात्री ट्रक भरणं, त्यांची झोपच ठरलेली नसते. वेळेऐवजी कामाशी जोडा: सकाळची भाकरी थापताना एक विनंती, मोळी बांधताना एक. जाण्याआधी प्रत्येक कोयत्याला (तोडीच्या नवरा-बायकोच्या जोडीला) सात दिवसांच्या सात विनंत्या द्या. वाचता येणाऱ्याला कार्ड, बाकीच्यांना मोबाईलवर एकेक मिनिटाचा आवाज. पडावावर (तोडीच्या मुक्कामावर) चार्जिंगची बोंब असते, म्हणून निघायच्या आधीच भरून द्या.

आणि उलटही हवं. मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फिटावी, पडावावर पोरं नीट राहावीत, या त्यांच्या विनंत्या गावातल्या वहीत दर आठवड्याला चढल्या पाहिजेत. नाहीतर गेलेले लोक फक्त गावासाठी प्रार्थना करतात आणि त्यांच्यासाठी कोणीच नाही.

जळगावकर_मंडळी
केडगावचं उदाहरण लोक हमखास देतात. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 च्या जानेवारीत सुमारे 70 जणी रोज प्रार्थनेला जमू लागल्या, संख्या वाढत गेली आणि जूनअखेर तिथे संजीवन (विश्वासाची नवी जागृती) आलं. खरं आहे. पण त्यावरून "इतके जण, इतके महिने, मग संजीवन" असं गणित मांडू नका. ते मांडलं की भरवसा देवावरून आपल्या उपस्थितीपटावर सरकतो. वडिलांच्या अर्ध्या तासाबद्दलही थोडं वेगळं मत आहे. सवय नसलेल्या कमिटीत दहा मिनिटांपासून सुरू करा, अर्धा तास पहिल्याच महिन्यात ओढूनताणून होतो.

पायथ्याचा_सेवक
आभारी आहे सगळ्यांचा. विनंत्यांची वही पाळकांकडे ठेवावी का?

वडील_शहादा
नको. पाळकांची बदली झाली की वहीही जाते. चिटणिसाकडे ठेवा, आणि घरातलं भांडण, दारू, कर्ज असल्या विनंत्यांना नाव न लिहिता नुसती खूण करा. वही चार हातांतून फिरते.