मदत हवी आहे: टेक्ससमधली सामायिक शिकारीची लीज, नियम कसे ठरवावेत?

नमस्कार मंडळी. शिकार करावी की नाही हा वाद इथे नको, त्याला वेगळा धागा काढा. भारतात 1972 च्या कायद्याने ती बंद झाली ते बरंच झालं. टेक्ससमध्ये मात्र जवळजवळ सगळी जमीन खासगी, म्हणून हरणांच्या सीझनसाठी रँचमालकाकडून रान भाड्याने घेतात. मी चार अमेरिकन मित्रांबरोबर लानो काउंटीत 320 एकर घेतलंय, माणशी 1600 डॉलर.

पैसे सारखे, वापर सारखा नाही, तिथेच घोडं पेंड खातंय. एक जण निवृत्त आहे. तो मधल्या वारी जातो, फीडरमध्ये (हरणांना खाणं टाकणारं पिंप) मका तोच भरतो, रानडुकरांनी पाडलेला फीडर तोच उभा करतो. त्यामुळे ओढ्याकाठचा ब्लाइंड (आपलं मचाण, फक्त पत्र्याच्या खोलीसारखं) त्याला स्वतःचा वाटतो. आम्ही बाकीचे शनिवार-रविवारवाले.

त्यात 2024 चा प्रकार. सीझन नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी उघडतो. त्या वर्षी तो 2 तारखेला आला, म्हणजे नेमका पाडवा. ओवाळणी सोडून हरणाकडे जातो म्हणायची माझी काय बिशाद! त्या दिवशी एकाने मेव्हण्याला आणलं, आणि आम्ही तीन वर्षं रानात लावलेल्या कॅमेऱ्यात बघत होतो तो शिंगांना दहा टोकं असलेला नर पाहुण्याने पाडला. परवाना त्याचा, टॅग (मारलेल्या हरणाला लावायची परवान्याची चिठ्ठी) त्याचा, कायद्याने काही चुकलं नाही. पण तेव्हापासून ग्रूपवर शुकशुकाट आहे.

आणखी एक. काउंटीत माणशी पाच हरणं चालतात, त्यात नर जास्तीत जास्त दोन. पाचही जणांनी पुरेपूर हक्क बजावला तर दहा नर जातील. मग पुढच्या वर्षी ब्लाइंडमध्ये बसून गाई मोजायच्या का?

गावी आमच्या विहिरीवर चार भावांची पाळी होती, रात्रीची पाळी आलटून पालटून. तसं इथे बसेल का? आणि राबणाऱ्याला जास्त द्यावं का?

प्रतिसाद 1
मी आठ वर्षं अशाच लीजवर आहे. आधी गेटवर पाटी लावा: ब्लाइंडचे आकडे, खिळे, आणि प्रत्येकाच्या नावाचा बिल्ला. आत शिरताना बिल्ला अडकवायचा, निघताना काढायचा. भांडण राहू द्या, रायफलची गोळी मैलभर जाते. कोण कुठे बसलंय हे कळायलाच हवं. पहिल्या शनिवार-रविवारच्या जागा आमच्याकडे ऑगस्टमध्ये चिठ्ठ्या टाकून ठरतात. पाहुण्याला फक्त मादी किंवा डुक्कर, आणि यजमान सोबत हवाच. नर माणशी एकच, काउंटी काही म्हणो.

प्रतिसाद 2
राबणाऱ्याला जागा देऊ नका, पैशांत सूट द्या. एकदा जागा दिली की ती सातबाऱ्यावर चढल्यासारखी होते. आमच्याकडे मका सगळ्यांच्या वर्गणीतून येतो आणि भरणाऱ्याचं पेट्रोल वळतं करतो. आधी मालकाला विचारा. पाहुणे नकोत असं त्याच्याच करारात असेल तर तुमचा अर्धा वाद तिथेच मिटेल.

धागाकर्ता
दोघांचे आभार. करार उघडून पाहिला. पाहुण्यांबद्दल अवाक्षर नाही, गेटं जशी सापडली तशी ठेवा एवढंच तीनदा लिहिलंय. पाटी मीच करून नेतो. पैशांतल्या सवलतीचं आजोबांना (आमच्या निवृत्त मित्राला आम्ही असंच म्हणतो) फोनवर सांगितलं, तर म्हणाले, पैसे नकोत, ओढा हवा. आता चिठ्ठीत ओढा दुसऱ्याला निघाला तर? कुणाला असा अनुभव आहे का?