मदत हवी आहे: घरात दोन वयस्क माणसं, महिन्याचा खर्च कसा बसवावा?

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीला विश्रामबागेत राहतो. घरी आम्ही दोघं, सासरे आप्पा (वय ७९) आणि सासूबाई (७४). मुलगा पुण्याला शिकायला. घरखर्चाची वही लग्न झाल्यापासून माझ्याकडेच आहे, त्यामुळे कशाला किती जातं ते मला नीट ठाऊक आहे. अडचण वेगळीच आहे. या खर्चात पुढे ढकलता येईल असं आता जवळपास काही उरलेलं नाही.

पूर्वी एखाद्या महिन्यात ओढाताण झाली तर साडी दिवाळीवर जायची, गाणगापूर पुढच्या वर्षावर, मिक्सर बोनसवर. आता वहीत औषधं, रक्ताच्या तपासण्या, मोठ्यांचे डायपर आणि डॉक्टरांकडे मिरजेला जायची रिक्षा. एसटीत आप्पांना तिकीट नाही, आईंना अर्धं आहे, पण पायरीच चढवत नाही त्यांना.

वाणसामान खरोखर कमी झालंय. मुलगा गेल्यापासून तेल, पोहे, शेंगदाणे निम्म्यावर आले. उलट दूध वाढलं. आई पडल्या तेव्हापासून चौकशीला येणाऱ्यांचा राबता आहे आणि आलेल्याला चहा झाल्याशिवाय आप्पा उठू देत नाहीत. वीजबिल वाढलं, कारण रात्रभर दिवा लागतो आणि दिवसभर टीव्ही. आईंच्या साड्या बंद होऊन सुती गाऊन आले. आहेर मात्र तेवढाच आहे. आप्पा भावकीत सगळ्यांत मोठे, त्यामुळे कुणाच्याही लग्नात पाकीट त्यांच्या हातून जातं. त्याला कात्री लावायची माझी अजिबात इच्छा नाही, त्यांचा मान त्यात आहे.

केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या पाहणीत शहरी भागात माणशी महिना ६,९९६ रुपये खर्च निघाला आणि त्यातला साधारण ४० टक्के खाण्यापिण्यावर. असे आकडे धरून बजेट मांडायला गेले की आमचं घर त्यात बसतच नाही. सरासरीत विशीतला मुलगा आणि ऐंशीला टेकलेले आजोबा सारखेच मोजलेले असतात.

विमा नाही का, असं सगळे विचारतात. सत्तरीपुढच्यांसाठीचं आयुष्मानचं कार्ड दोघांचं काढलंय. पाच लाखांपर्यंतचं, उत्पन्नाची अट नाही, कुणाकडे राहिलं असेल तर जरूर काढा. पण ते दवाखान्यात दाखल झालं तरच उपयोगी. आमचे पैसे जातात ते घरी बसून, दर महिन्याला. डॉक्टरांना विचारून काही गोळ्या जनऔषधीतून आणायला लागलो, त्याने बराच फरक पडला.

उत्पन्न सांगते. आप्पा साखर कारखान्यातून निवृत्त झाले, पीएफची पेन्शन तुटपुंजी आणि तिला महागाई भत्ता नाही. पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत त्यांचे १० लाख आहेत, ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला २०,५०० येतात. एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारी हे महिने बरे जातात, मधले जड. बाकी आमच्या ह्यांचा पगार. त्यातून मुलाची फी आणि मेसही जाते.

आता खरं दुखणं. आप्पांच्या उशाशी औषधांचा डबा असतो. सोमवार ते रविवार खण असलेला. परवा भरायला घेतला तर बीपीच्या गोळीचे अर्धे तुकडे खणात तसेच. विचारल्यावर म्हणाले, "अर्धीनं भागतंय की गं पोरी, कशाला उगाच." डॉक्टरांनी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी माझी वही उघडी बघितली असणार. तेव्हापासून मी वही स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर ठेवते, पण हा काही उपाय नव्हे.

तर जाणकारांनी आणि यातून गेलेल्यांनी सांगावं:

औषधपाण्याचा खर्च घरखर्चातच धरता की त्याचं खातं वेगळं ठेवता? तिमाहीचं व्याज आलं की तीन भाग करून आवर्ती खात्यासारखं काही करता येतं का?

आईंना दिवसा सांभाळायला मावशी ठेवायच्या आहेत. सांगली-मिरजेत ओळखीतून ठेवाव्यात की संस्थेकडून? दर काय चाललाय? सुट्टीच्या दिवसाचे पैसे द्यायची पद्धत कशी आहे?

पुण्याचे भाऊजी "लागेल तेव्हा सांगा वहिनी" म्हणतात आणि मनापासून म्हणतात. पण दर वेळी बिल पाठवून मागायला मला जड जातं. दरमहा ठरावीक रक्कम ठरवावी की मोठा खर्च निघाला की निम्मा निम्मा? ज्यांच्याकडे भावाभावांत हे कटुता न येता ठरलंय, त्यांनी बोलणं कसं काढलं तेही सांगा.

पोस्टातल्या ठेवीला दोन वर्षं होऊन गेलीत, मोडली तर मुद्दलातला एक टक्का जातो. हे म्हणतात मोडून थोडे पैसे हाताशी ठेवू. मला ती हलवू नये असं वाटतं. तुमचं मत?

आणि आप्पांशी कसं बोलू? पैशाचं काही लपवलं तर त्यांना ते कळतं, दाखवलं तर गोळी अर्धी होते. गोळ्यांचं डॉक्टरांच्या कानावर घातलंय, पुढच्या वेळी तेच समजावतील. पण घरात रोज काय बोलावं ते कुणी अनुभवी सांगेल तर बरं होईल. भाऊजी दिवाळीला येतायत, तोवर पैशाचं आमचं दोघांचं ठरलेलं हवंय.